मस्टरवरचे नाव

१९९० साली भिलाई ते रायपूर या पट्ट्यातल्या ठेका कामगारांनी कारखानदारांपुढे मागण्या ठेवल्या. त्यांत जगण्यापुरते वेतन, आठ तासांचे काम, बोनस आणि रजा होत्याच. शिवाय एक मागणी अशी होती की तिच्यासाठी कारखानदाराच्या गल्ल्यातून फारसे काही जाणार नव्हते. हजेरी कार्ड द्या आणि पगाराची चिठ्ठी द्या, एवढेच तिचे म्हणणे होते. दहा-दहा वर्षे एकाच भट्टीवर राबणाऱ्या माणसाकडे आपण तिथे राबतो याचा कागदोपत्री पुरावा नव्हता. तो त्याला हवा होता.

कारखानदाराला मात्र हा पुठ्ठ्याचा तुकडा पगारवाढीपेक्षा महाग वाटत होता. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नव्हते. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थायी आदेश कायद्याखाली तर रिकाम्या जागेवर सहा महिने समाधानकारक काम केले की कायम होण्याचा हक्क सांगता येत होता. हे दिवस आणि हे महिने मोजायचे कशावर? हजेरीवर. म्हणून मस्टरवर नावच चढू द्यायचे नाही आणि चढलेच तर ते ठेकेदाराच्या मस्टरवर, हा रिवाज पडला. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा, माणसे आणि काम मात्र तेच राहायचे. छत्तीसगडच्या कारखानदारीतला नीतीचा प्रश्न मालकाच्या स्वभावात शोधून सापडत नाही. तो या मस्टरमध्ये सापडतो.

या पट्ट्याचे पूर्वेकडचे टोक म्हणजे रायपूरला लागून असलेले बीरगांव. बिलासपूरच्या रस्त्यावरच्या या गावाशेजारी १९८० च्या दशकात उरला औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, त्यापुढे सिलतरा आले, आणि शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या. २०११ च्या जनगणनेत बीरगांवची वस्ती लाखाच्या घरात पोचली होती आणि आज तिथे महानगरपालिका आहे. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. १८५४ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. कारखानदारीही इकडे आली ती नागपूरहून निघालेल्या रेल्वेच्या रुळांवरूनच.

ती पहिल्यांदा थांबली राजनांदगावला. तिथले संस्थान बैरागी महंतांचे. राजा बलरामदास यांच्या काळात, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, सी. पी. मिल उभी राहिली. काही वर्षांतच ती कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीकडे गेली आणि बेंगाल नागपूर कॉटन मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची बी.एन.सी., झाली. तिची मच्छरदाणी नावाजलेली होती. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासूनच चालू होती. या गिरणीने १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. सरकारचा भरपाईचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२३ मध्ये आला. पण टाटांसारखा मालक हा अपवाद होता. राजनांदगावात दिवस बारा-तेरा तासांचा होता. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवावी लागते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात त्या हवेत उभे राहून साचे चालवणे काय असेल, ते गिरणीत काम केलेल्याला सांगायला नको.

१९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह या तरुण वकिलाने तिथल्या कामगारांना संघटित केले. महिनाभराहून अधिक काळ गिरणी बंद राहिली, आणि कामाचे तास कमी करून घेऊनच संप मिटला. पुढच्या संपात संस्थानाने गोळी चालवली आणि प्यारेलालांना हद्दपार केले. ते रायपूरला आले आणि तिथल्या सार्वजनिक जीवनात मोठे झाले. या लढ्यात कामगारांना बरेच सोसावे लागले, पण एका प्रश्नावर त्यांना कधी डोके खाजवावे लागले नाही. मालक कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. गिरणी एक, भोंगा एक, फाटक एक. भांडायचे ते त्या फाटकावर.

मुंबईच्या गिरणगावातही असेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुट्टी मागितली ती गिरणीमालकांच्या संघटनेकडे, आणि १८९० मध्ये ती मिळाली तीही त्यांच्याकडूनच. पण गिरणगावाने त्याच सुमारास बदलीही शिकवली. पहाटे फाटकावर उभे राहायचे आणि कायम कामगाराचा खाडा पडला तर आत जायचे. बदलीवाला नोकरीत असूनही नोकरीत नसे. तरी त्याचे नाव गिरणीच्याच कागदावर असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदली कामगारांचा प्रश्नही मागण्यांमध्ये होता. छत्तीसगडने यापुढची पायरी गाठली होती. तिथे नाव गिरणीच्या कागदावरूनच उचलून बाहेर ठेवले गेले, आणि याची सुरुवात झाली ती सरकारच्याच दारात.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये, आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. कारखाना सार्वजनिक, वसाहत देखणी, शाळा-दवाखाने उत्तम. भट्टीत जाणारे लोहखनिज मात्र दल्ली-राजहराच्या डोंगरात हजारो ठेका कामगार, त्यांत निम्म्या बाया, घण आणि पाट्या घेऊन फोडत होते. कायम कामगार आणि ठेका कामगार एकाच डोंगरावर काम करत, पण एकाच्या हजेरीवर भिलाईचा शिक्का होता आणि दुसऱ्याच्या हजेरीवर ठेकेदाराचा. १९७० मध्ये ठेका कामगारांचा कायदा झाला. बारमाही चालणाऱ्या, मूळ उत्पादनाशी जोडलेल्या कामातून ठेका काढून टाकता यावा, असा त्याचा रोख होता. पण काढायचा की नाही, ते सरकारच्या अधिसूचनेवर सोडले होते.

१९७७ च्या सुरुवातीला दल्ली-राजहराच्या दोन प्रस्थापित युनियननी बोनसचा करार केला. कायम कामगाराला ३०८ रुपये आणि ठेका कामगाराला ७०. या दोन आकड्यांनी जे केले ते कोणत्याही भाषणाला जमले नसते. कामगार करार करणाऱ्या युनियनमधून उठून बाहेर पडले आणि लाल मैदानात बसले. त्यांना पुढारी हवा होता. आणीबाणी उठल्यावर तुरुंगातून सुटलेल्या शंकर गुहा नियोगी यांना त्यांनी बोलावून आणले.

नियोगी मूळचे बंगालकडचे. तरुणपणी भिलाईच्या कोकभट्टीत कामाला लागले, चळवळीपायी नोकरी गेली. मग दानीटोलाच्या खाणीत मजुरी केली आणि तिथल्याच आशाबाईंशी लग्न केले. त्यांनी ठेका कामगारांना घेऊन छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ बांधला. पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारायला बांबू-बल्लीसाठी भत्ता द्या, काम बंद राहिले त्या दिवसांची मजुरी द्या, या त्यांच्या पहिल्या मागण्यांपैकी होत्या. २ आणि ३ जून १९७७ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. अकरा जण मेले, त्यांत एक बाई आणि एक मुलगा होता. संप तरीही मोडला नाही.

त्यानंतर जे घडले ते नेहमीच्या युनियनच्या कहाणीत बसत नाही. मजुरी वाढली तशी दारूची दुकाने वाढली, तेव्हा युनियनने दारूविरुद्ध मोहीम उघडली. बायांनी ती चालवली. युनियनची एक पुढारी बाळंतपणात दगावली, तेव्हा आपला दवाखाना असावा असे ठरले. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, शहीद हॉस्पिटल सुरू झाले. वर्गणी कामगारांची, बांधकामही त्यांचेच, आणि डॉ. बिनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखी शिकलेली मंडळी त्यांच्या हाताखाली राबली. खाणीत यंत्रे आणायचे ठरले, तेव्हा यंत्रच नको असे युनियन म्हणाली नाही. कष्टाचे आणि धोक्याचे काम यंत्राने करा, बाकीचे माणसांकडे ठेवा, असा अर्धयांत्रिकीकरणाचा आराखडा तिने स्वतः मांडला. पुढे छत्तीसगड मुक्ती मोर्चा स्थापन झाला आणि कामगारांचा लाल व शेतकऱ्यांचा हिरवा असा दुरंगी झेंडा गावोगाव दिसू लागला.

१९८४ मध्ये हा झेंडा राजनांदगावच्या त्याच जुन्या गिरणीवर पोचला. तिथेही गोळीबार झाला, कामगार मेले. गिरणी तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली होती, म्हणजे मालक सरकार होते. खात्यातला उकाडा मात्र जुनाच होता.

असा अनुभव गाठीशी घेऊन नियोगी १९९० मध्ये भिलाईत राहायला आले. पोलाद कारखान्याभोवती एव्हाना खासगी कारखान्यांचे कडे पडले होते. जामुलला सिमेंट, भिलाईत ओतकाम आणि इंजिनियरिंग, कुम्हारीला मद्याचा कारखाना, आणि पुढे टेडेसरा व उरला. ओतशाळेत साच्यातून निघालेल्या ओतकामाच्या कडा घासून काढायच्या, त्याची बारीक वाळू छातीत जायची. हातमोजे, बूट, चष्मा मागणाऱ्याला उद्या येऊ नको असे सांगितले जायचे. पोलाद कारखान्याच्या कामगाराला जे वेतन, घर आणि दवाखाना मिळत होता, त्याच्या जवळपासही इथला मजूर नव्हता. पोलाद मात्र तेच होते आणि बनवलेला मालही बऱ्याचदा त्याच कारखान्यात जात होता.

प्रगतिशील इंजिनियरिंग श्रमिक संघ आणि त्याच्या भावंड संघटनांत कामगार लोटले. जो सभासद झाला त्याला फाटकावर अडवले जाऊ लागले. चार हजारांवर कामगार कामावरून गेले. त्यांना काढले असेही कुणी म्हणेना, कारण जो आपल्याकडे होताच असे कागद सांगत नाही त्याला काढणार कसे? हजेरी कार्डाची मागणी का महाग होती, ते या एका गोष्टीवरून उमगते. कामगारांवर गुंडांचे हल्ले झाले. नियोगींना ४ फेब्रुवारी १९९१ रोजी जुन्या खटल्यांवरून अटक झाली आणि दोन महिने ते तुरुंगात राहिले. पुढे हद्दपारीचीही कारवाई सुरू झाली. ठाकूर प्यारेलालांना संस्थानाने लावलेला उपाय स्वतंत्र भारतात अजून चालत होता.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. यांतले बरेच कारखाने मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डरवर जगत. ऑर्डर आली तर तीन पाळ्या, नाही आली तर भट्टी थंड. एवढ्या चढउतारात कायम कामगारांचा भार पेलत नाही, असे ते म्हणत, आणि छोट्या कारखानदाराच्या बाबतीत त्यात तथ्य होते. पण भिलाईतली बडी घराणी छोटी नव्हती. शिवाय धंद्यातला चढउतार खरा असला तरी त्याची सगळी झळ ज्याच्याकडे उद्याच्या जेवणापलीकडे शिल्लक नाही त्यानेच का सोसायची, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

सप्टेंबर १९९१ मध्ये नियोगी कामगारांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती व पंतप्रधानांना भेटले. उदारीकरणाच्या अर्थसंकल्पाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. दिल्लीहून परतल्यावर २७ सप्टेंबरच्या रात्री ते रायपूरहून उशिरा भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरी आले. २८ च्या पहाटे चारच्या आत, झोपेत असताना, उघड्या खिडकीतून कुणीतरी त्यांच्यावर गोळी झाडली. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी डायरीत लिहून ठेवले होते आणि एका कॅसेटवर बोलूनही ठेवले होते. लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळलेला देह दल्ली-राजहराला नेला, तेव्हा खाणीचा सारा प्रदेश रस्त्यावर होता.

कामावरून गेलेले कामगार मात्र अजून बाहेरच होते. १ जुलै १९९२ रोजी ते बायकामुलांसह भिलाई पॉवर हाऊस स्टेशनात मुंबई-हावडा मार्गाच्या रुळांवर बसले. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. सोळा आंदोलक ठार झाले. एका पोलीस उपनिरीक्षकाचाही त्या दिवशी मृत्यू झाला. दरवर्षी १ जुलैला तिथे कामगार जमतात.

खटले चालले ते पिढीभर. नियोगींच्या खुनाबद्दल दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये गोळी झाडणारा पलटन मल्लाह याला फाशी आणि दोन उद्योगपतींसह इतर पाच जणांना जन्मठेप सुनावली. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकट्या पलटन मल्लाहला जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची मुक्तता कायम ठेवली. बंदूक धरणारा हात तेवढा कायद्याच्या मस्टरवर आला.

कामगारांच्या नोकरीचे खटलेही असेच लांबले. वकिलांची फी परवडत नाही आणि मिळालेला वकील टिकत नाही, हे पाहून युनियनमध्ये १९८६ पासून राबणाऱ्या सुधा भारद्वाज यांनी स्वतःच कायद्याची पदवी घेतली आणि २००० पासून त्या वकिली करू लागल्या. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये त्यांना अटक झाली आणि येरवडा व भायखळ्याच्या तुरुंगात त्यांना तीन वर्षे काढावी लागली, म्हणून मराठी वाचकाला हे नाव माहीत असेल. छत्तीसगडमध्ये ते जामुलच्या सिमेंट कामगारांनी आधीच ओळखले होते. त्या ठेका कामगारांच्या बाजूने २००६ मध्ये औद्योगिक न्यायालयाचा आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला. तरी अंमल होईना. कंपनी आता स्विस होल्सिमच्या हाती होती, म्हणून २०१२ मध्ये कामगारांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नेली. तडजोड झाली ती २०१६ च्या जानेवारीत. जामुलच्या माणसाला आपला मालक शोधत आल्प्सपर्यंत जावे लागले.

मधल्या काळात कायद्यानेच मोठे वळण घेतले होते. ठेका रद्द झाला की तिथले कामगार आपोआप मूळ कंपनीचे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले होते. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. ठेका हे निव्वळ सोंग होते हे सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आली. सिद्ध करायचे कशाने? पुन्हा त्याच कागदांनी, जे त्याला कधी दिलेच गेले नव्हते.

नेमक्या याच सुमारास, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी. लोहखनिज आणि कोळसा हाताशी होता. उरला-सिलतरात स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिलची रांग लागली. स्पंज आयर्नच्या लांब, फिरत्या भट्टीत खनिज आणि कोळसा हजार अंशांच्या आसपास तापवतात. आत चिकटलेले थर काढायला भट्टी बंद केल्यावर माणसे आत शिरतात. इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळते. त्यात एखादा तोंड बंद असलेला डबा किंवा ओला तुकडा गेला तर वितळलेले लोखंड कारंज्यासारखे उसळते. छोट्या रोलिंग मिलमध्ये तांबडीलाल सळई रोलरमधून सरपटत बाहेर येते. तिचे तोंड लांब चिमट्याने पकडून, अंग वळवून, पुढच्या खाचेत घालायचे, तोवर मागून दुसरी आलेली असते. सळई चुकली तर ती जमिनीवर वेटोळे घालते, आणि पाय त्या वेटोळ्यात सापडतो. उष्म्यामुळे माणसे आलटून पालटून चिमटा धरतात. कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली होती. अशा ठिकाणी बारा तासांच्या पाळीचे मात्र कुणाला नवल वाटत नाही.

हे काम करणारे बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले असतात आणि बीरगांवच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपतात. गाव जवळ नाही, नातलग नाहीत, युनियनची ओळख नाही, आणि आणले ते ठेकेदाराने. राहण्याची सोय, उचल, मजुरी सगळे त्याच्याच हाती. अपघात झाला की पळापळ होते ती नोंदणीची. भाजलेल्या माणसाचा कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांक अपघातानंतर निघतो, ही कामगारांची जुनी तक्रार आहे. कारखान्याच्या भिंतीबाहेरही सुटका नाही. वीज वाचवायला रात्री धूर गाळणारी यंत्रे बंद ठेवतात, असा बीरगांवकरांचा वर्षांनुवर्षांचा आरोप आहे, आणि सकाळी गच्चीवर बसलेली काळी भुकटी त्यांच्या बाजूने साक्ष देते.

राजनांदगावची गिरणी आणि नागपूरची एम्प्रेस मिल, दोन्ही २००२ च्या आसपास बंद पडल्या. ज्या कारखान्यात कामगाराला मालकाचे तोंड दिसत होते तो कारखानाच गेला, आणि ठेक्याची पद्धत मात्र उरली, वाढली, देशभर पसरली. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या फाटकावर सकाळी उभा राहिलेला मुलगाही आपली नोकरी कंपनीत आहे असे सांगतो आणि पगार एजन्सीकडून घेतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे सक्तीचे आहे. १९९० ची मागणी पस्तीस वर्षांनी कायद्यात आली, ही बाब मोठी आहे आणि तिचे श्रेय भिलाईच्या रुळांवर मेलेल्यांनाही द्यावे लागेल. पण त्याच संहितांनी ठेकेदारीच्या नियमांची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर नेली. म्हणजे एकोणपन्नास-एकोणपन्नासच्या टोळ्या पाडणाऱ्या ठेकेदाराला परवाना नको आणि ठेक्याचे नियमही नकोत. शिवाय नियुक्तिपत्रावर सही करणार कोण? ती ठेकेदाराची असेल, तर कामगाराच्या हाती कागद येईल आणि मालक पूर्वीसारखाच कागदाबाहेर राहील. ज्याच्या भट्टीत माणूस भाजतो आणि ज्याच्या नावाने सळई विकली जाते, त्याची सही त्या पत्रावर आली पाहिजे. ठाकूर प्यारेलालांना शंभर वर्षांपूर्वी फाटकावर उभे राहून भांडता आले, कारण आत कोण बसला आहे हे त्यांना माहीत होते. उरलाच्या कामगाराला अजून तेच सिद्ध करायचे आहे.